मौनी बाबांची गाणारी मंडळी

3 मार्च 1707 रोजी भिंगारच्या छावणीत औरंगजेबाने प्राण सोडला. ज्या बादशहाने आपल्या दरबारातलं गाणंबजावणं बंद केलं होतं, त्याची अखेर मराठ्यांशी पंचवीस वर्षं झुंजून थकल्यावर इथे झाली. देह खुलताबादला गेला, पण भिंगारला त्याचं आलमगीर हे नाव मागे राहिलं. पुढे 1803 मध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि इंग्रजांची छावणी बसली. तेव्हापासून भिंगार आणि कॅम्प ही नावं नगरकरांच्या तोंडी जोडीनेच येतात. परेड, बिगुल, गोऱ्या पलटणींचा बँड, मग रणगाडे असा या गावाचा आवाज शतकभर लष्करीच राहिला.

याच लष्करी पसाऱ्याचा एक तुकडा पहिल्या महायुद्धात नगरच्या दक्षिणेला, दौंड रस्त्यावर, अरणगावजवळ पडला. तिथे फौजेसाठी तळ उभारला होता. युद्ध संपलं, पलटणी गेल्या आणि माळावर काही पडक्या इमारती, टपाल कचेरीची एक खोली, मेसची जागा आणि टेकडीवर पाण्याची एक मोठी टाकी एवढं उरलं. मे 1923 मध्ये पुण्याचा एक एकोणतीस वर्षांचा इराणी तरुण आपल्या सोबत्यांना घेऊन तिथे आला. त्याचं नाव मेरवान शेरियार इराणी. शिष्य त्याला मेहेरबाबा म्हणत. त्या माळाचं मेहेराबाद झालं.

या जागेतून निघालेला एक धागा लंडनच्या रॉक संगीतात पोचला आणि तिथे एका गायक-गीतकाराच्या पहिल्या स्वतंत्र अल्बममध्ये गुंफला गेला. रॉकच्या इतिहासात ही गोष्ट दोन-चार ओळींत उरकतात, आणि नगरच्या इतिहासात ती सापडतच नाही. मला ती नगरची गोष्ट वाटते, म्हणून ती इथूनच सांगायला हवी.

मेहेरबाबांचा जन्म पुण्यात 1894 चा. डेक्कन कॉलेजात शिकत असताना हजरत बाबाजानची भेट झाली, पुढे साकोरीला उपासनी महाराजांचा सहवास मिळाला. तरुणपणी त्यांना कवितेचा नाद होता. ‘हुमा’ या टोपणनावाने ते लिहीत, हाफिजच्या गझला त्यांना प्राणाहून प्रिय होत्या, कव्वाली आणि भजन ऐकताना ते रमून जात. त्यांनी रचलेली गुजराती आरती मेहेराबादला आजही म्हटली जाते. असा शब्दांवर आणि सुरांवर जीव असलेला माणूस 10 जुलै 1925 पासून गप्प झाला. हे मौन त्यांनी अखेरपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षांहून अधिक काळ पाळलं. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून ते बोलत. 1954 मध्ये पाटीही सोडली आणि नुसत्या हातांच्या खुणा उरल्या.

गुरू बोलत नसला की शिष्यांना गाणं सुचतं, असं काही मी म्हणणार नाही. पण या पंथात ग्रंथाच्या बरोबरीने गाण्याला स्थान मिळालं, यात शंका नाही. बाबांच्या भगिनी मणी इराणी सतार वाजवत. पुण्याचे मधुसूदन पुंड आपल्या चालींवर भजनं रचून बाबांसमोर गात. ऑस्ट्रेलियन कवी फ्रान्सिस ब्रॅबझन पिंपळगावजवळच्या मेहेराझादला दहा वर्षं राहिला आणि इंग्रजीत गझला लिहीत बसला. बाबांची आवडही चौफेर. हाफिजच्या शेजारी त्यांच्याकडे अमेरिकन कंट्री गायक जिम रीव्हज असे, आणि कोल पोर्टरचं ‘बिगिन द बिगीन’ हे 1935 चं गाणं तर त्यांचं फार लाडकं. 31 जानेवारी 1969 ला मेहेराझादला त्यांचं देहावसान झालं. मेहेराबादच्या टेकडीवर, स्विस चित्रकार हेलन डाम हिने रंगवलेल्या समाधीत, आठवडाभर त्यांचा देह दर्शनासाठी ठेवला होता. त्या निरोपात ‘बिगिन द बिगीन’ची तबकडीही वाजली. अरणगावच्या माळावर ब्रॉडवेचं गाणं! ती बाबांचीच इच्छा होती.

आता लंडनकडे जाऊ. पीट टाऊनशेंड हा ‘द हू’ या बँडचा गिटारवादक आणि मुख्य गीतकार. जन्म 1945 चा, वडील सॅक्सोफोनवादक. रंगमंचावर गिटार आपटून फोडणारा पोरगा म्हणून जग त्याला ओळखत होतं. जून 1967 मध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरीचा महोत्सव आटोपून परतताना त्याने विमानात एक भयंकर अमली गोळी घेतली. त्या प्रवासाने तो पुरता हादरला. त्याच वर्षी चित्रकार मित्र माइक मॅकिनर्नी याच्याकडून त्याला मेहेरबाबांविषयी कळलं. एलएसडीसारख्या द्रव्यांतून अध्यात्म साधत नाही, हे बाबांनी 1966 मध्येच पाश्चात्त्य तरुणांना बजावलं होतं आणि त्यांचं ते म्हणणं ‘गॉड इन अ पिल?’ या पुस्तिकेतून फिरत होतं. तेव्हा लंडन-सॅन फ्रान्सिस्कोत भारतीय गुरूंची लाटच आली होती. त्या गर्दीत हा एक वृद्ध इराणी माणूस, अपघातांत दोनदा मोडलेला, नगरजवळच्या खेड्यात न बोलता बसलेला. प्रचाराची यंत्रणा नाही, शुल्क नाही, मंत्र नाही. टाऊनशेंडला हेच भावलं असावं.

मे 1969 मध्ये ‘टॉमी’ आलं. बहिऱ्या, मुक्या, आंधळ्या मुलाची ही रॉक-ऑपेरा. तिच्या श्रेयनामावलीत वादक आणि तंत्रज्ञांच्या जोडीने एक नाव छापलं होतं: अवतार, मेहेरबाबा. बाबा जाऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. गुरुशिष्यांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. या गोष्टीतलं पुढचं सगळं गाणं या न झालेल्या भेटीतून आलं आहे, असं मला वाटतं.

बाबांची जयंती 25 फेब्रुवारीची. फेब्रुवारी 1970 मध्ये टाऊनशेंड आणि लंडनच्या बाबाप्रेमींनी मिळून ‘हॅपी बर्थडे’ नावाची एक रेकॉर्ड काढली. ती बाजारात नव्हती. मोजक्या प्रती काढल्या आणि आपसांत वाटल्या. त्यात टाऊनशेंडने ‘बिगिन द बिगीन’ गायलं, मौन दिनावर स्वतःचं ‘डे ऑफ सायलेन्स’ गायलं, आणि ‘कंटेंट’ म्हणजे मॉड केनेडी यांच्या कवितेला चाल लावली. टाऊनशेंडचा मित्र रॉनी लेन याचं ‘इव्होल्यूशन’ही त्यात होतं. दोन वर्षांनी ‘आय अॅम’ ही दुसरी रेकॉर्ड आली. गावातल्या भजनी मंडळात जसं कोणी पेटी धरतो, कोणी टाळ, ज्याला गळा आहे तो अभंग उचलतो आणि बाकीचे मागे धरतात, तसंच हे चाललं होतं. फरक इतकाच की या मंडळातला पेटीवाला त्या काळातल्या जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गीतकारांपैकी एक होता.

दोन रेकॉर्डींच्या मधल्या काळात, 1971 मध्ये, ‘हूज नेक्स्ट’ आला आणि त्याचं पहिलंच गाणं ‘बाबा ओ’रायली’. नावातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, आणि रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. सुरुवातीला लाउरी ऑर्गनवर फिरत राहणारी ती सुरांची वेलांटी, मग पियानो, ढोल, आणि शेवटी डेव्ह आर्बसचं व्हायोलिन. टाऊनशेंडच्या डोक्यात तेव्हा ‘लाइफहाऊस’ नावाची एक अफाट योजना होती: माणसाची सगळी माहिती यंत्रात घालायची आणि त्यातून त्या माणसाचा स्वतःचा सूर काढायचा. ती योजना कोसळली. तिच्यामागे आणखी एक भारतीय होता, बडोद्याचे इनायत खाँ. सयाजीरावांच्या बडोद्यात संगीतशाळा काढणाऱ्या मौलाबक्षांचे हे नातू. वीणा घेऊन 1910 मध्ये पश्चिमेला गेले आणि तिथे सूफी विचार रुजवला. विश्व हे मुळात नाद आहे, ही त्यांची शिकवण टाऊनशेंडने मनावर घेतली होती. इनायत खाँच्या अमेरिकेतल्या परंपरेतली एक शाखा पुढे मेहेरबाबांकडेच आली. म्हणजे मराठी मुलखाच्या दोन कडा, बडोदा आणि नगर, लंडनच्या एका घरातल्या स्टुडिओत एकत्र आल्या.

1972 च्या सुरुवातीला टाऊनशेंड भारतात आला आणि मेहेराबादला समाधीवर डोकं ठेवून गेला. बहात्तर हे साल आमच्या नगर जिल्ह्यात कसं लक्षात आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पावसाने सलग दगा दिला, त्या वर्षी तर विहिरींनी तळ दाखवला, बायाबापड्या खडी फोडायच्या कामांवर गेल्या, सुकडी आणि मिलो खाऊन लोकांनी दिवस काढले. त्या वर्षाच्या आरंभी एक जगप्रसिद्ध गोरा गायक इथून जाऊन आला, याची खबर अरणगावाबाहेर कोणाला असण्याचं कारणच नव्हतं.

त्याच वर्षी ‘हू केम फर्स्ट’ आला. टाऊनशेंडचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम. त्याची जन्मकथाही त्या वाटून टाकलेल्या रेकॉर्डींशी जोडलेली आहे. अमेरिकेत त्यांच्या प्रतींसाठी धडपड सुरू झाली, तेव्हा तेच साहित्य नीट करून, काही नवं घालून, रीतसर अल्बम काढायचं ठरलं. इंग्लंडमध्ये ट्रॅक आणि अमेरिकेत डेक्का या कंपन्यांनी तो काढला. मुखपृष्ठावर पांढऱ्या बॉयलर सूटमध्ये टाऊनशेंड अंड्यांच्या थरावर उभा आहे.

नऊ गाणी. गिटार, पियानो, सिंथेसायझर, ढोल असं बहुतेक सगळं घरच्या स्टुडिओत त्याने एकट्याने वाजवलेलं, ध्वनिमुद्रणही स्वतःच केलेलं. आणि तरी हा एकट्याचा अल्बम नाही! पहिल्या अल्बमात गायक सहसा स्वतःला पुढे करतो. इथे दुसऱ्या क्रमांकाचं ‘इव्होल्यूशन’ रॉनी लेनचं आहे आणि ते गातोही तोच. तिसरं ‘फॉरेव्हर्स नो टाइम अॅट ऑल’ बिली निकल्स आणि केटी मॅकिनर्नी यांनी लिहिलेलं, गळा निकल्सचा. ‘देअर्स अ हार्टएक फॉलोइंग मी’ हे जिम रीव्हजचं, बाबांना आवडायचं म्हणून घेतलेलं. ‘कंटेंट’चे शब्द मॉड केनेडींचे. शेवटच्या ‘परवरदिगार’चे मूळ शब्द खुद्द बाबांचे. पदार्पणाच्या रेकॉर्डवर इतक्या जणांना इतकी जागा देणारा दुसरा रॉक गायक मला माहीत नाही.

यातलं ‘इव्होल्यूशन’ जरा थांबून ऐकण्यासारखं आहे. बाबांच्या ‘गॉड स्पीक्स’ या 1955 च्या ग्रंथात आत्म्याचा प्रवास सांगितला आहे: दगड, धातू, वनस्पती, किडा, मासा, पक्षी, पशू आणि मग मनुष्य. चौऱ्यांशी लक्ष योनींची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला हे परकं नाही. लेनने तो जड ग्रंथ लंडनच्या ईस्ट एंडच्या बोलीत, हसतखेळत, पायाने ठेका धरायला लावणाऱ्या गाण्यात उतरवला. तत्त्वज्ञान लोकगीतात आणणं फार अवघड. आपल्या भारुडांनी ते केलं, आणि या पठ्ठ्यानेही.

‘परवरदिगार’ची प्रकृती वेगळी. बाबांनी 1953 मध्ये डेहराडूनला आपल्या अनुयायांसाठी जी प्रार्थना दिली, तिच्यात परवरदिगार, परमात्मा, अल्ला, अहुरमज्द अशी ईश्वराची नावं एका ओळीत येतात. मेहेराबादला ती रोज म्हणतात. टाऊनशेंडने तिचे शब्द गाण्याच्या मापात बसवले आणि पाश्चात्त्य भक्तिगीतासारखी धीमी, चढत जाणारी चाल दिली. त्याचा आवाज तिथे काहीसा अवघडलेला आहे, मोठ्या सुरांना तो पुरा पडत नाही. मला मात्र त्या अपुरेपणामुळेच ते गाणं खरं वाटतं. ‘हू’मध्ये त्याची गाणी रॉजर डाल्ट्री गर्जून गायचा, इथे गर्जनेचं काम नव्हतं. ‘कंटेंट’ मात्र मला फिकं वाटतं, भक्ती आहे पण चाल उचल घेत नाही. आणि ‘लाइफहाऊस’च्या मोडतोडीतून आलेलं ‘प्युअर अँड ईझी’ हे अल्बममधलं सगळ्यात देखणं गाणं, ज्यात इनायत खाँचा तो एक आदिम सूर सापडतो.

बिली निकल्सविषयीही दोन शब्द. त्याचा स्वतःचा पहिला अल्बम ‘वुड यू बिलीव्ह’ 1968 मध्ये तयार झाला, पण कंपनीच्या अडचणींमुळे तो दुकानांत धड पोचलाच नाही. दुसऱ्याच्या पदार्पणात त्याला जागा मिळाली, हे त्याचं पुनरागमनच म्हणायचं. नंतर तो ‘द हू’च्या दौऱ्यांचा संगीत दिग्दर्शकही झाला.

पण या मंडळातली सगळ्यात खोल मैत्री टाऊनशेंड आणि लेनची. लेन ‘स्मॉल फेसेस’ आणि ‘फेसेस’चा बेस गिटारवादक. 1973 मध्ये त्याने भर यशात बँड सोडला, वेल्सच्या सीमेवर शेती घेतली, मेंढ्या पाळल्या आणि ‘स्लिम चान्स’ नावाचा नवा संच जमवला. 1974 मध्ये त्याने तंबू, गाड्या, विदूषक घेऊन ‘पासिंग शो’ म्हणून गावोगाव फिरती काढली. आपल्याकडच्या तमाशाच्या फडमालकांची जी गत पावसापाण्यात होते तीच त्याचीही झाली: गल्ला जमेना, कर्ज मात्र झालं. तो टाऊनशेंडकडे गेला. त्यातून 1977 चा ‘रफ मिक्स’ जन्मला.

ग्लिन जॉन्सने तो ध्वनिमुद्रित केला. एरिक क्लॅप्टन, रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स, पियानोवर इयन स्टुअर्ट, ‘हू’चा जॉन एन्टविसल अशी माणसं येऊन वाजवून गेली. टाऊनशेंडचे सासरे एडविन अॅस्टली यांनी ‘स्ट्रीट इन द सिटी’साठी वाद्यवृंद लिहिला, आणि तारवाद्यांवर तोललेलं ते गाणं लंडनच्या रस्त्याचं चित्र होऊन उभं राहतं. लेनची ‘अॅनी’ आणि ‘एप्रिल फूल’ ही साधी, मातीला धरून असलेली गाणी. ‘हार्ट टु हँग ऑन्टू’मध्ये कडव्याला लेनचा थकलेला, मऊ आवाज आणि ध्रुपदाला टाऊनशेंडचा आर्त आवाज. माझ्या मते दोघांनी मिळून केलेलं हे सर्वांत मोठं काम आहे. दोघांचे खटकेही उडत. गाणी बहुतेक ज्याची त्याने लिहिली. एकत्र बसून रचायचं फारसं जमलं नाही. सहयोगाची रेकॉर्ड अशीही असते. बाबांचं नाव न घेता ही त्यांच्याच माणसांची रेकॉर्ड आहे, हे ऐकताना कळतं.

त्या काळातच लेनला मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराने गाठलं होतं. त्याची आईही याच आजाराने खंगली होती. 20 सप्टेंबर 1983 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्या पुढाकाराने या आजाराच्या संशोधनासाठी कार्यक्रम झाला आणि क्लॅप्टन, जेफ बेक, जिमी पेज हे तिघे गिटारवादक एका मंचावर आले. 4 जून 1997 रोजी अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावी लेन गेला. वय अवघं एक्कावन्न.

टाऊनशेंडचा पुढचा प्रवास जगाला माहीत आहे. 1976 मध्ये त्याने ट्विकनहॅमला नदीकाठी बाबांच्या नावाने ‘ओशॅनिक’ केंद्र काढलं. 1980 मध्ये ‘एम्प्टी ग्लास’ आला. साकीपुढे रिकामा प्याला धरणारी हाफिजची प्रतिमा त्याच्या नावामागे आहे, आणि त्यातलं ‘लेट माय लव्ह ओपन द डोअर’ हे प्रेमगीत म्हणून वाजत असलं तरी ते ईश्वराचं प्रेम आहे. बाबांच्या कार्डांवर छापलं जाणारं ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हे वाक्य बॉबी मॅकफेरिनने उचललं आणि 1988 मध्ये त्याचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. 12 ऑगस्ट 2012 ला लंडन ऑलिंपिकच्या समारोपात ‘द हू’ने ‘बाबा ओ’रायली’ गायलं आणि ते कोट्यवधी लोकांनी पाहिलं. त्यातले बाबा कोण, हे नगरमध्ये तरी त्या रात्री किती जणांना ठाऊक होतं?

एप्रिल 2004 मध्ये अल्बर्ट हॉलमध्ये लेनच्या स्मृतीसाठी मित्र जमले, तेव्हा टाऊनशेंडने मित्राचं ‘इव्होल्यूशन’ स्वतः गायलं. 2018 मध्ये ‘हू केम फर्स्ट’ची पंचेचाळीस वर्षांची आवृत्ती निघाली. तिच्यात ते गायन आहे, आणि ‘ड्राउन्ड’ या गाण्याचं भारतात झालेलं ध्वनिमुद्रणही आहे.

आपण नगरकर निजामशाहीची तारीख सांगतो, किल्ल्यात नेहरूंनी लिहिलेल्या पुस्तकाचा अभिमान बाळगतो, भिंगारच्या रणगाड्यांच्या संग्रहालयात पाहुण्यांना घेऊन जातो. या यादीत ‘हू केम फर्स्ट’ असायला हवा. जिल्ह्याच्या एखाद्या वाचनालयात, वस्तुसंग्रहालयात ही रेकॉर्ड आणि तिची हकिकत ठेवावी, एवढं मागणं फार नाही. दरवर्षी 31 जानेवारीला अमरतिथीला आंध्रातून, उत्तर प्रदेशातून, इराण-अमेरिकेतून हजारो बाबाप्रेमी अरणगावला येतात. भिंगार-नगरहून तिथे जायला अर्धा तास पुरतो. यंदा जाणार असाल तर निघण्याआधी घरी ‘इव्होल्यूशन’ आणि ‘परवरदिगार’ ही दोन गाणी ऐकून घ्या.